मेटल डिटेक्टर : यंत्राचा आवाज ओळखायला शिकताना



येत्या जत्रोत्सवापासून देवस्थानाच्या महाद्वारापाशी मेटल डिटेक्टरची चौकट उभी करण्याचे आणि स्वयंसेवकांच्या हाती तपासणीचे लहान यंत्र देण्याचे आम्ही ठरविले आहे. हा निर्णय कळल्यापासून अनेकांनी निरनिराळ्या शंका विचारल्या. पेसमेकर बसविलेल्या वडीलधाऱ्यांनी आत यावे की नाही? मंगळसूत्र काढून ठेवावे लागेल काय? पालखीच्या वेळी रांग खोळंबली तर काय करायचे? त्याचबरोबर, सेवेसाठी नावे दिलेल्या तरुण मंडळींपैकी काहींचे म्हणणे असे की, बटण दाबायचे आणि आवाज झाला की थांबवायचे, यात शिकण्यासारखे ते काय आहे? या सर्वांसाठी हा लेख देत आहोत.

यंत्र विकत घेणे सोपे असते. ते वापरायला शिकणे हे मात्र वेळ खाणारे काम आहे. पखवाजाची थाप ऐकून बोल ओळखणारा कान जसा एका दिवसात तयार होत नाही, तसाच या यंत्राचा आवाज ओळखणारा कानही सवयीनेच तयार होतो.

यंत्र काय करते?

मेटल डिटेक्टरच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत बदलणारी वीज सोडली की वेटोळ्याभोवती तितकेच बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या धातूत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. धातूचा तुकडा यंत्राजवळ आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे सूक्ष्म विद्युत् प्रवाह फिरू लागतात. या प्रवाहांचे स्वतःचे एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. यंत्र हा क्षीण बदल टिपते आणि आवाज करते, दिवा लावते किंवा मुठीत थरथरते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. यंत्राला सुरी ओळखता येत नाही आणि मंगळसूत्रही ओळखता येत नाही. त्याला फक्त वीज वाहून नेणारी वस्तू जवळ असल्याचे कळते. पुढचा सगळा निर्णय माणसाचा असतो.

आवाजाची तऱ्हा कशावर अवलंबून असते, हेही समजून घेण्याजोगे आहे. पहिली गोष्ट अंतराची. अंतर वाढले की धातूचा प्रभाव फार झपाट्याने घटतो. त्यामुळे जवळची टाचणी आणि दूरचा किल्ल्यांचा जुडगा यांचा आवाज सारखाच वाटू शकतो. दुसरी गोष्ट आकाराची. पाटली, कडे, अंगठी अशा बंद वर्तुळात विजेला फिरायला अखंड वाट मिळते, म्हणून त्यांचा आवाज मोठा येतो. बारीक कड्यांच्या साखळीत ही वाट कडीकडीला तुटते, म्हणून साखळी सोन्याची असली तरी ती हलकीच जाणवते. तिसरी गोष्ट धातूच्या जातीची. तांबे, चांदी आणि सोने वीज उत्तम वाहून नेतात. स्टेनलेस स्टील त्यामानाने फारच कमी नेते. लोखंड तर वीज वाहून नेण्याबरोबर चुंबकालाही प्रतिसाद देते. चौथी गोष्ट वस्तूच्या बाजूची. तीच पट्टी यंत्रासमोर सपाट धरली तर एक आवाज आणि कडेने धरली तर दुसरा.

म्हणजे आवाज मोठा म्हणून वस्तू धोक्याची, आणि आवाज लहान म्हणून वस्तू निरुपद्रवी, असे मुळीच नाही. नवशिक्या माणसाची पहिली समजूत नेमकी हीच असते, आणि सरावाने पहिल्यांदा दूर करायची तीही हीच.

ग्रॅहम बेल यांचा प्रयोग

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची या संदर्भातील हकीकत प्रत्येक स्वयंसेवकाने लक्षात ठेवावी अशी आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरातच राहिली होती आणि ती कोठे आहे हे डॉक्टरांना समजत नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे अवकाश होता. बेल यांनी विजेच्या वेटोळ्यांवर चालणारे एक यंत्र तयार केले. पूर्वीच्या युद्धात जखमी होऊन अंगात गोळी घेऊन वावरणाऱ्या सैनिकांवर त्यांनी ते पारखून पाहिले, आणि तेथे ते चालले.

अध्यक्षांच्या शय्येपाशी मात्र ते दोन वेळा अपयशी ठरले. पुढे उलगडा झाला तो असा. अध्यक्ष ज्या गादीवर निजले होते तिच्यात पोलादी तारांच्या स्प्रिंगा होत्या आणि त्या यंत्राला गोंधळात टाकीत होत्या. शिवाय गोळी उजव्या बाजूलाच आहे अशी प्रमुख डॉक्टरांची पक्की धारणा असल्याने शोध त्याच बाजूस घेतला गेला. १९ सप्टेंबर १८८१ रोजी गारफिल्ड यांचे निधन झाले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला सापडली.

या हकीकतीतून दोन धडे मिळतात. यंत्र कितीही चांगले असले तरी भोवतालचे धातू माहीत नसतील तर त्याच्या आवाजाला अर्थ राहत नाही, हा पहिला. आणि वस्तू अमुक ठिकाणीच असणार असे आधी ठरवून शोधणाऱ्याच्या हातून खरी जागा निसटते, हा दुसरा.

आधी आपले प्रांगण ओळखावे

बेल यांच्या वाट्याला स्प्रिंगांची गादी आली. आपल्या वाट्याला लोखंडी कठडे, मंडपाचे पाइप, सरकते जाळीचे दार, जनरेटरची गाडी आणि काँक्रीटच्या फरशीखाली दडलेल्या सळ्या आहेत. लहान यंत्र जमिनीजवळ, पायांच्या घोट्यापर्यंत नेले की पुष्कळदा या सळ्यांचाच आवाज येतो. भाविकाच्या पायात काही आहे असे समजून त्याला वहाणा, जोडवी, पैंजण काढायला लावणे मग ओघानेच येते, आणि तसे होऊ नये म्हणूनच जागेची ओळख आधी करून घ्यावयाची आहे.

म्हणून सरावाचा पहिला दिवस माणसांवर घालवायचा नाही. यंत्र चालू करून मोकळ्या प्रांगणात फिरावे. कोठे आवाज येतो, कोठे येत नाही, हे खडूने जमिनीवर आखून ठेवावे. तपासणीची जागा शांत पट्ट्यात निवडावी. आवश्यक वाटल्यास भाविकाला उभे राहण्यासाठी लाकडी पाट ठेवावा. लोखंडी खिळ्यांचा नसावा इतकेच पाहावे. चौकट उभी करताना ती सपाट जागी न डगमगणारी असावी, आणि हलणारे लोखंडी दार, विजेची मोटार व दुसरी चौकट यांपासून पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर असावी. तपासणाऱ्याने स्वतःच्या हातातील घड्याळ, कडे आणि अंगठ्या काढून ठेवाव्यात, अन्यथा यंत्र त्याच्याच हाताची वर्दी देत राहील.

कानाचा सराव

दुसरा टप्पा आवाज ओळखण्याचा. देवघरात आणि स्वयंपाकघरात सहज सापडतील अशा दहा-बारा वस्तू गोळा कराव्यात : किल्ल्यांचा जुडगा, पाच रुपयांचे नाणे, पितळी निरांजन, चांदीचे जोडवे, स्टीलचा चमचा, पट्ट्याचे बक्कल, वेणी माळण्याचे आकडे, चष्म्याची चौकट, मोबाइल, औषधाच्या गोळ्यांची पट्टी. औषधाच्या पट्टीवर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो, म्हणून तीही बोलते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रत्येक वस्तू टेबलावर ठेवून तिच्यावरून यंत्र फिरवावे : आधी जवळून, मग चार बोटे अंतरावरून, मग वीतभर अंतरावरून. वस्तू उलटसुलट करावी. नंतर त्याच वस्तू पंचात गुंडाळून दुसऱ्याने समोर ठेवाव्यात आणि न पाहता ओळखण्याचा प्रयत्न करावा.

सर्व वस्तू ओळखता येणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. या खेळातून दोन गोष्टी अंगवळणी पडतात. आवाज नेमका कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे कळू लागते, म्हणजे वस्तूची जागा बोटभर अंतरात सांगता येते. आणि आपल्या यंत्राला काय ऐकू येत नाही, हेही समजते. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक मोलाची आहे.

प्रत्येकाने एक लहान वही ठेवावी. आवाज कोठे आला, कसा आला, प्रत्यक्षात काय निघाले, एवढे तीन रकाने पुरेत. पंधरा दिवसांनी ही वही चाळली की आपले अंदाज कोठे चुकतात ते आपोआप उमगते.

हाताचा सराव

तिसरा टप्पा हाताचा. यंत्र शरीरापासून दोन ते तीन इंच अंतरावर, एकाच गतीने फिरले पाहिजे. स्पर्श नको आणि अंतरही वाढायला नको. घाईत हात फिरविला तर लहान वस्तू यंत्राच्या टप्प्यातून क्षणार्धात निघून जाते.

फिरविण्याचा क्रम ठरलेला असावा. डोक्यापासून सुरुवात करून एका खांद्यावरून हाताच्या बाहेरच्या बाजूने खाली, आतून वर, बगलेतून कमरेपर्यंत, पायाच्या बाहेरून खाली, आतून वर. तसेच दुसऱ्या बाजूने. मग छाती-पोट आणि शेवटी पाठ. अभिषेकाचा क्रम जसा पुरोहिताच्या हातात बसलेला असतो, तसा हा क्रम हातात बसला पाहिजे. संशय आला म्हणून एखाद्याची अधिक आणि ओळखीचा म्हणून दुसऱ्याची कमी, असे होता कामा नये. उजव्या बाजूलाच शोधणाऱ्या डॉक्टरांची हकीकत येथे आठवावी. आवाज आला तरी क्रम पूर्ण करावा. एक वस्तू सापडली म्हणजे दुसरी नाही असे होत नाही.

सराव एकमेकांवर करावा. एकाने दुसऱ्याच्या नकळत अंगावर कोठेतरी किल्ली लपवावी आणि तिसऱ्याने शोधावी. यात एक पथ्य महत्त्वाचे : काही फेऱ्यांत मुळीच काही लपवू नये. प्रत्येक वेळी सापडतेच अशी सवय लागलेला माणूस नसलेली वस्तूही शोधून काढतो. "काही नाही, आपण पुढे जावे," असे खात्रीने म्हणता येणे हाही कौशल्याचाच भाग आहे.

आवाजाचा कंटाळा हा खरा धोका

यंत्राची संवेदनशीलता कमी-अधिक करता येते. ती शेवटपर्यंत वाढवून ठेवली की आपण अधिक सुरक्षित झालो, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण मग साडीतील टाचणी, चोळीचा हूक, कपाळावरचा चष्मा, या सर्वांनाच आवाज येऊ लागतो. प्रत्येकाला आवाज येऊ लागला की तपासणारा दोन तासांत कंटाळतो, हात नुसताच फिरवू लागतो आणि मनाने ऐकणे थांबवितो. असे यंत्र असून नसल्यासारखे.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, लहान यंत्राने एका भाविकाच्या तपासणीस वीस सेकंद लागतात. म्हणजे एका मिनिटात तीन आणि तासात १८०. चार रांगा असतील तर तासाला ७२० भाविक आत जातील. तीन हजार भाविक आले तर चार तासांहून अधिक वेळ लागेल. परंतु चौकटीतून जाताना ज्यांना आवाज येतो, फक्त त्यांचीच लहान यंत्राने तपासणी केली, आणि असे चौघांत एकच निघाले, तर ७५० जणांनाच थांबावे लागेल. काम तासाभरात उरकेल. म्हणून चौकटीची संवेदनशीलता योग्य ठेवणे आणि भाविकांनी किल्ल्या-मोबाइल आधीच ताटात काढून ठेवणे, या दोन साध्या गोष्टींवर सगळी रांग अवलंबून आहे.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, पाठोपाठ दुकानांना आग लागली आणि सुमारे ३०० भाविकांचे प्राण गेले. अरुंद वाट आणि निसरड्या पायऱ्या यांवर गर्दी दाटली की काय होते, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. संकट टाळण्यासाठी बसविलेली चौकटच गर्दी तुंबण्याचे कारण झाली, तर त्याहून मोठा अनर्थ दुसरा नाही. म्हणून तपासणीची जागा पायऱ्यांपासून दूर, मोकळ्या पटांगणात राहील. बाहेर पडण्याची वाट स्वतंत्र असेल आणि तेथे कोणतीही चौकट किंवा अडसर असणार नाही. गर्दी दाटू लागली की द्वारप्रमुखांना तत्काळ कळविणे हे प्रत्येक स्वयंसेवकाचे पहिले कर्तव्य राहील.

यंत्राला जे दिसत नाही

मेटल डिटेक्टर धातूखेरीज काहीही टिपत नाही. प्लास्टिक, द्रव पदार्थ, कापड, दारूगोळ्याची नुसती भुकटी यांच्याबाबत तो मुका आहे. बंद स्टीलच्या डब्यावर तो आवाज करील, पण डब्यात शिरा आहे की आणखी काही, हे सांगणार नाही. डबा उघडूनच पाहावा लागतो. बेवारस पिशवी, अकारण घुटमळणारी व्यक्ती, उन्हाळ्यात अंगावर घेतलेली जाड शाल, या गोष्टी डोळ्यांनाच दिसतात. बेवारस वस्तूस मात्र हात लावू नये आणि यंत्रही जवळ नेऊ नये. लोकांना दूर करून पोलिसांना कळवावे.

यंत्रावर विसंबण्यापूर्वी ते जागे आहे की नाही, हेही पाहिले पाहिजे. प्रत्येक पाळीच्या आरंभी ठरलेली एकच वस्तू, ठरलेल्या अंतरावरून, यंत्रासमोर धरून पाहावी. बॅटरी उतरली की यंत्र गप्प राहते, आणि ते गप्प आहे म्हणून सारे ठीक आहे असे आपल्याला वाटते.

भाविकांच्या शंका

हे यंत्र क्ष-किरण वापरीत नाही. त्यातील चुंबकीय क्षेत्र सौम्य असते, आणि गर्भवती भगिनींनी चौकटीतून जाण्यास भिण्याचे कारण नाही. ज्यांना पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसविले आहे, त्यांनी तसे आधी सांगावे व आपले ओळखपत्र जवळ ठेवावे. चौकटीतून नेहमीच्या चालीने जावे, तेथे रेंगाळू नये किंवा टेकून उभे राहू नये. लहान यंत्र त्यांच्या छातीवर धरले जाणार नाही. त्यांची तपासणी हाताने होईल. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या अंगी बसविलेला धातू यंत्राला जाणवू शकतो. त्यांनी नुसते सांगितले तरी पुरे.

मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी कोणालाही काढावी लागणार नाहीत. भगिनींची तपासणी भगिनीच करतील आणि ती पडद्याआड होईल. लहान मुलांना आईपासून दूर केले जाणार नाही.

स्वयंसेवकांना आमचे सांगणे असे की, आवाज आला म्हणजे समोरचा माणूस अपराधी ठरत नाही. तो देवाच्या दारी आलेला पाहुणा आहे. "आजी, जरा हात बाजूला घ्याल का?" "काका, खिशात किल्ली राहिली असेल, एकदा पाहता का?" असे म्हटले की काम लवकर होते आणि कोणाचे मन दुखावत नाही. आवाज ऐकून दचकणारा आणि आवाज चढविणारा स्वयंसेवक अजून शिकतो आहे असे समजावे. सराव झालेला माणूस आवाज ऐकून थांबतो, यंत्र पुन्हा एकदा सावकाश फिरवितो, जागा निश्चित करतो आणि मगच विचारतो.

इंग्लंडमध्ये छंद म्हणून शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारे पुष्कळ लोक आहेत. नोव्हेंबर १९९२ मध्ये सफोक परगण्यातील हॉक्सन या गावी एरिक लॉज नावाचे निवृत्त गृहस्थ मित्राची हरवलेली हातोडी शोधावयास निघाले आणि त्यांना रोमन काळातील सुमारे १५ हजार नाण्यांचा ठेवा लागला. मोठा आवाज आला, नाणी दिसू लागली, तेव्हा त्यांनी अधाशासारखे सगळे उकरले नाही. ते थांबले आणि अधिकाऱ्यांना कळविले. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना तो ठेवा जसा पुरला होता तसा अभ्यासता आला. हातोडीही पुढे सापडली. आवाज आल्यावर थांबता येणे, हीच या विद्येची शेवटची पायरी आहे, मग ते शेत असो की महाद्वार.

विनंती

जत्रोत्सवापूर्वी तीन आठवडे दर रविवारी सकाळी पूजा आटोपल्यावर सभामंडपात सराव घेण्यात येईल. पहिला रविवार प्रांगणाच्या ओळखीचा, दुसरा कानाचा आणि तिसरा हाताचा. तिन्ही रविवार पूर्ण करणाऱ्यांकडेच यंत्र सोपविण्यात येईल. भगिनींची संख्या फार कमी पडते आहे. निदान प्रत्येक रांगेस दोघी असाव्यात अशी आमची इच्छा आहे. घरातील लेकी-सुनांना यासाठी मोकळा वेळ द्यावा, ही कुटुंबप्रमुखांना खास विनंती.

भाविकांनीही येताना शक्य तितके कमी धातू जवळ बाळगावे, डबे-पिशव्या निवासस्थानीच ठेवाव्यात, आणि चौकटीपाशी क्षणभर थांबावे लागले तर ते आपल्याच माणसांच्या रक्षणासाठी आहे असे समजून सहकार्य करावे.

आपले नम्र,
व्यवस्थापक समिती